दगड उलटा, पण जागेवर ठेवा

मागच्या एका उत्तरात मी मेफ्लायचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळची सगळी पानं तिलाच देते आहे. मेफ्लाय म्हणजे पाण्यात वाढणारा आणि पंख फुटल्यावर थोडाच काळ जगणारा एक नाजूक कीटक. ती खरं तर माशी नव्हे, आणि मे महिन्याशी तिचं नातं युरोपापुरतंच. पण नाव रुळलं आहे, तेच वापरू. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

*

प्रश्न : ओढ्यातला दगड उचलला तर खालच्या बाजूला चपटा, तीन शेपट्यांचा किडा चिकटलेला होता. ही मेफ्लायच का? खात्री कशी करायची?

नुसत्या शेपट्या मोजून भागत नाही. टाचणीच्या, म्हणजे चतुरासारख्या दिसणाऱ्या सडपातळ कीटकाच्या, पिल्लालाही मागे तीन असतात. फरक एवढाच की त्या शेपट्या नसून पानाच्या आकाराचे कल्ले असतात. उलट मेफ्लायच्या काही जातींना दोनच शेपट्या असतात आणि मग त्यांची गल्लत स्टोनफ्लायशी, ओढ्यातल्याच दुसऱ्या एका कीटकाशी, होते. तेव्हा शेपटी सोडा आणि पोटाच्या कडा बघा.

पांढऱ्या बशीत बोटभर पाणी घ्या आणि किडा त्यात अलगद सोडा. चिमटा नको, पाय तुटतात. ओल्या कुंचल्याच्या टोकावर तो आपण होऊन चढतो. आता दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याशी धरा आणि बशी वर आणा. भिंग खाली नेलंत तर तुमचीच सावली पडेल. पहिली दोन मिनिटं तो घाबरून निपचित असतो. मग पोटाच्या दोन्ही कडांवरच्या पातळ चकत्या हलायला लागतात. सगळ्या एकदम नाही, वाऱ्यानं शेत लवावं तशी पुढून मागे लहर जाते, थांबते, पुन्हा जाते. ते कल्ले. त्यांच्या आत झाडाच्या फांद्यांसारख्या काळसर रेषा दिसतात, त्या हवेच्या नळ्या. कल्ले पोटावर असले की ती मेफ्लाय. स्टोनफ्लायच्या पिल्लाला कल्ले असलेच तर बहुधा छातीपाशी, पायांच्या मुळाशी असतात. आणखी खात्री हवी असेल तर पायाचं टोक बघा. मेफ्लायच्या प्रत्येक पायाला एकच नखी, स्टोनफ्लायला दोन.

मेफ्लायच्या या पाण्यातल्या पिल्लाला निम्फ म्हणतात. अळी म्हणू नका. अळीनंतर कोष येतो, इथे कोष नाही.

तुम्ही ‘चपटा’ लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. देह असा दाबलेला, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला आणि पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले असतील, तर तो बहुतेक हेप्टाजेनिइडी कुळातला. दगडाच्या अंगाला बिलगून राहिलं की वरून धावणारं पाणी त्याला खेचून नेत नाही. म्हणजे नाव कळायच्या आधीच तो कुठे राहतो ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. बीटिडी कुळातला निम्फ मासोळीसारखा निमुळता, सुर्रकन पोहणारा. एफेमेरिडीतला गाळात बीळ करणारा. त्याला तोंडापुढे दोन सुळे आणि पाठीवर पिसांसारखे कल्ले. सीनिडीतला जेमतेम तांदळाएवढा, गाळात लोळणारा. त्याच्या कल्ल्यांची दुसरी जोडी मोठी होऊन मागच्या नाजूक कल्ल्यांवर झाकणासारखी बसते, म्हणजे गाळ आत जात नाही. प्रोसोपिस्टोमा तर ढालीखाली इतका लपलेला असतो की सुरुवातीच्या अभ्यासकांनी त्याला कीटक न मानता कवचधारी जलचरांत बसवलं होतं.

बघून झालं की किडा होता तिथे सोडा आणि दगड जागच्या जागी, जी बाजू खाली होती तीच खाली करून ठेवा. वरच्या बाजूला उन्हातलं शेवाळ असतं आणि खालच्या बाजूला अंडी. उलटा ठेवलात तर दोन्ही बाजूंची वस्ती उठते.

*

प्रश्न : मेफ्लाय एकच दिवस जगते, हे खरं की नुसतं म्हणण्यापुरतं?

पंखवाल्या मेफ्लायपुरतं बरंचसं खरं. मात्र ती आधी पाण्यात काही आठवड्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत जगलेली असते, ते कोणी मोजत नाही. एखाद्याचं आयुष्य फक्त लग्नाच्या दिवसावरून मोजावं तसा हा प्रकार.

बाहेर आल्यावर ती काही खात नाही. तोंड नावालाच उरतं आणि आतड्यात अन्नाऐवजी हवा असते. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या वाळूच्या नद्यांत डोलानिया अमेरिकाना नावाची जात आहे. तिची मादी पंख फुटल्यावर पाच मिनिटंही जगत नाही. तेवढ्यात मीलन आणि अंडी दोन्ही उरकते. दुसऱ्या टोकाला क्लोऑन डिप्टेरम ही डबक्यातली जात. तिची मादी अंडी पोटातच उबवते आणि त्यासाठी दोन आठवड्यांच्या आसपास जगते. ती पाण्यावर उतरली की अंडी लगेच फुटतात. तेव्हा ‘एक दिवस’ हा सरासरीचा सोयीस्कर आकडा समजा.

मला स्वतःला आयुष्यापेक्षा कात जास्त नवलाची वाटते. निम्फ पाण्याबाहेर येतो, कात टाकतो, पंख पसरतात. पण ते धुरकट, कडांना बारीक लव असलेले. याला सबइमॅगो म्हणतात. तो उडत जाऊन पानाखाली बसतो आणि पुन्हा एकदा कात टाकतो, पंखांसकट. पंख उडण्याजोगे झाल्यावर पुन्हा कात टाकणारा आज हयात असलेला हा एकमेव कीटकगट आहे. एकदा असा सबइमॅगो माझ्या बाहीवर बसला होता. मी हात तसाच धरून बसले. पाठीवर मधोमध चीर पडली, आधी डोकं-छाती वर आली, मग पंख ओल्या कागदातून ओल्या कागदासारखे निघाले, आणि शेवटी शेपट्या. त्या निघता निघेनात. बाहेर आल्यावर पंख काचेसारखे झाले होते आणि शेपट्या आधीच्या जवळजवळ दुप्पट. बाहीवर राहिलं ते राखाडी टरफल. फुंकरीनं गेलं असतं, म्हणून मी श्वास बेतानं घेत होते.

*

प्रश्न : मेफ्लाय चावते का?

नाही. कशानं चावणार?

*

प्रश्न : नदीपासून थोड्या अंतरावर डांबरी रस्त्यावर संध्याकाळी शेकडो मेफ्लाय घिरट्या घालताना दिसल्या. काही तर रस्त्यावर अंडी घालत होत्या. दिव्याखालचं समजू शकतो, पण तिथे दिवा नव्हता.

तुम्ही दिवा नव्हता हे मुद्दाम लिहिलंत म्हणून बरं झालं, नाहीतर मीही दिव्यावर ढकललं असतं.

पाणी ओळखायची मेफ्लायची रीत आपल्यापेक्षा वेगळी आहे. पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या लहरी बऱ्याच अंशी आडव्या प्रतलात कंप पावतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, तिच्या डोळ्याला कळतं. असा आडवा प्रकाश आला की तिच्या लेखी खाली पाणी. कोरडा, गुळगुळीत, काळा डांबरी रस्ता हुबेहूब हेच करतो, कधी कधी पाण्याहूनही ठळकपणे. हंगेरीतल्या संशोधकांनी १९९८ साली हे प्रयोगांनी दाखवलं. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर मेफ्लाय झेपावल्या, चकचकीत पांढऱ्यावर नाही. म्हणजे चकाकी एकटी पुरत नाही. काळेपणा आणि गुळगुळीतपणा दोन्ही लागतात. गडद रंगाच्या गाडीचं टप, सौर पॅनेल, काळी ताडपत्री, सगळीकडे हीच फसगत होते.

माद्या प्रवाहाच्या उलट दिशेनं उडत जाऊन वरच्या अंगाला अंडी घालतात हे पुष्कळ जातींत दिसतं. निम्फ आयुष्यभर थोडे थोडे खाली वाहत जातात, विशेषतः रात्री. आई ते अंतर भरून काढते. नदीला आडवा रस्ता किंवा पूल आला की हा प्रवास तिथेच अडकतो.

तुमच्या रस्त्याबद्दल एक काम सुचवते. वेळ, हवेचं तापमान, रस्त्याचा तुकडा नवा काळा की जुना पांढुरका झालेला, आणि घिरट्या कुठल्या तुकड्यावर जास्त, एवढं चार-पाच संध्याकाळी टिपा. मग मला पुन्हा लिहा.

*

प्रश्न : आम्ही चार मित्र-मैत्रिणींनी आमच्या भागातल्या मेफ्लायच्या जातींची यादी करायचं ठरवलं आहे. सुरुवात कुठून करावी? कुठलं पुस्तक घ्यावं?

पुस्तक नंतर. आधी पेन्सिल घ्या.

मी हे का म्हणते त्याची गोष्ट सांगते. शिकत होते तेव्हा एका मोसमात मी आठवड्याला दोनदा ओढ्यावर जात होते. एक्केचाळीस कुप्या जमल्या. प्रत्येक कुपीत निम्फ, अल्कोहोल आणि सुबक अक्षरातली चिठ्ठी. चिठ्ठ्या शाईच्या पेनानं लिहिल्या होत्या, कारण पेन्सिलीचं अक्षर मला गबाळं वाटायचं. दोन महिन्यांनी पेटी उघडली तर एक्केचाळीस कुप्यांत फिकट निळं पाणी आणि एक्केचाळीस कोऱ्या चिठ्ठ्या. निम्फ उत्तम टिकले होते. पण कुठला खळाळातला, कुठला डोहाच्या काठचा, कुठला कोणत्या तारखेचा, काही सांगता येईना. आमचे सर रागावले नाहीत. त्यांनी एक कुपी उजेडात धरली आणि म्हणाले, “रंग छान आलाय.” त्या दिवसापासून माझ्या पिशवीत पेन नसतं.

तेव्हा साध्या पेन्सिलीनं, जाड कागदावर लिहिलेली चिठ्ठी कुपीच्या आत. बाहेर चिकटवलेली पट्टी सुटते, झाकणावर लिहिलेलं झाकणाबरोबर दुसऱ्या कुपीवर जातं. चिठ्ठीवर ओढ्याचं नाव आणि नेमकी जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणी गोळा केलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कशावरून गोळा केलं. ‘ओढा’ एवढं लिहून चालत नाही. वीस पावलांच्या ओढ्यात सात-आठ वेगळी घरं असतात: खळाळातल्या दगडाचा माथा, त्याच दगडाची खालची बाजू, डोहाच्या तळाची वाळू, अडकून कुजणाऱ्या पाल्याचा पुंजका, काठावरून पाण्यात लोंबणारी मुळं, शेवाळलेला खडक, आणि ज्यावर पाणी नुसतं शिंतोडतं तो ओला कातळ. प्रत्येक घराची कुपी वेगळी. सगळं एका बाटलीत ओतलंत तर नावं मिळतील, पण यादी मुकी राहील.

गोळा करायची रीत सोपी आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रांची, चौकोनी तोंडाची जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला तळाला टेकवून धरायची आणि जाळीच्या तोंडापुढचा तळ पायानं ढवळायचा. किती वेळ ढवळलं ते घड्याळावर बघा आणि दर वेळी तेवढंच ठेवा. नाहीतर दोन ठिकाणांची तुलना करता येत नाही. जाळीतलं पांढऱ्या ट्रेत उलटा आणि एक मिनिट हात लावू नका. पाला पाला राहतो आणि किडे चालायला लागतात. प्रत्येक प्रकारचे थोडेच ठेवा, बाकीचे परत. कुपी काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा ठेवू नका. वाटेत हिंदकळून कल्ले आणि शेपट्या गळतात आणि ओळख पटवायला नेमके तेच लागतात. साठवायला ७० ते ८० टक्के अल्कोहोल पुरतं. डीएनए तपासायचा विचार असेल तर ९५ टक्के घ्या आणि दुसऱ्या दिवशी बदला, कारण किड्यातल्या पाण्यानं ते पातळ होतं. संरक्षित क्षेत्रात गोळा करायचं असेल तर आधी परवानगी.

पाण्याचं तापमान दर वेळी नोंदवा, तेही त्याच चिठ्ठीवर. १० अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवरच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला जेमतेम ७.५. वेगवान पाण्यातल्या काही जातींना कल्ले हलवून स्वतःभोवती पाणी खेळवता येत नाही. त्यांच्या वाटचं काम प्रवाह करतो. अशा निम्फला बादलीतल्या स्थिर पाण्यात ठेवलंत तर पाणी कितीही नितळ असो, तो गुदमरतो. नवखे अभ्यासक इथे ‘पाणी खराब होतं’ असं लिहून मोकळे होतात.

आता नावांचं. कुळापर्यंत तुम्ही भिंगाखाली दोन-तीन महिन्यांत पोहोचाल. जातीपर्यंत पोहोचायला मुखावयव सुटे करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात, आणि पुष्कळ जातींची वर्णनं फक्त प्रौढ नरावरून केलेली आहेत. निम्फ एका नावाचा आणि प्रौढ दुसऱ्या नावाचा, आणि दोघं एकच, असा घोळ या गटात वारंवार झाला आहे. त्यावर उतारा म्हणजे निम्फ वाढवणं, आणि चार हौशी माणसं हे प्रयोगशाळेपेक्षा चांगलं करू शकतात असं माझं मत आहे, कारण त्यांना घाई नसते. पाठीवरच्या पंखांच्या पिशव्या काळ्या पडलेला निम्फ निवडा. तो एक-दोन दिवसांत बाहेर येणार असतो. त्याला जाळीदार भिंतींच्या डब्यात, वर पकडून चढायला काडी देऊन, ओढ्यातच ठेवा. डब्याचा वरचा भाग पाण्याबाहेर हवा. सबइमॅगो मिळाला की हवेशीर डब्यात, सावलीत, थोड्या ओलाव्यात रात्रभर. शेवटी तीन गोष्टी एकाच कुपीत जातात: निम्फची शेवटची कात, सबइमॅगोची कात आणि प्रौढ. अशी एक कुपी नुसत्या निम्फच्या शंभर कुप्यांना भारी.

हे सगळं करूनही यादीत काही ठिकाणी प्रश्नचिन्ह राहील, ते राहू द्या. युरोपात जिला सगळे बीटिस रोडानी म्हणून ओळखत होते ती एक जात नसून दिसायला सारख्या अनेक जाती आहेत, हे २००६ च्या सुमारास डीएनएवरून पुढे आलं. तो अगदी रोजच्या पाहण्यातला किडा होता.

*

प्रश्न : आमच्या नदीत मेफ्लाय भरपूर सापडतात. म्हणजे पाणी स्वच्छ आहे असं जाहीर करायला हरकत नाही ना?

हरकत आहे. कुठल्या मेफ्लाय?

ब्रिटनमध्ये नदीचं आरोग्य मोजायला कुळागणिक गुण देण्याची एक पद्धत होती. संवेदनशील कुळाला १०, सोसणाऱ्याला कमी. तिच्यात हेप्टाजेनिइडीला १० आणि बीटिडीला ४ गुण होते. दोन्ही मेफ्लायच. क्लोऑन तर ऑक्सिजन कमी असलेल्या डबक्यातही तग धरते. तुमच्याकडे एकाच प्रकारचे हजार निम्फ असतील तर मी खूश होणार नाही. दहा प्रकारचे पाच-पाच असतील तर होईन. आणि गाळाकडे लक्ष द्या. रासायनिक तपासणीत पाणी उत्तीर्ण होतं, पण वरून आलेल्या बारीक मातीनं दगडांमधल्या फटी बुजलेल्या असतात. चपट्या निम्फांना फट म्हणजेच घर. पाणी चांगलं, घर गेलं.

मात्र एखाद्या पाण्यातून त्या अचानक नाहीशा झाल्या तर ते गांभीर्यानं घ्या. अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या इरी सरोवराच्या पश्चिम भागात हेक्साजेनिया ही गाळात राहणारी मेफ्लाय अमाप होती. १९५३ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस तळाजवळचा ऑक्सिजन संपला आणि त्या मेल्या. पुढची जवळजवळ चार दशकं ती जागा रिकामी राहिली. १९९० च्या दशकात, सांडपाण्यातलं फॉस्फरस आटोक्यात आल्यावर, त्या परतल्या. आता तिथे आणि मिसिसिपीवर त्यांचे थवे हवामानाच्या रडारवर पावसाच्या ढगासारखे उमटतात. त्याच रडारच्या नोंदींवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं की मिसिसिपीच्या वरच्या टप्प्यात २०१२ ते २०१९ या काळात त्यांची संख्या निम्म्याहून जास्त घटली. थवा अजून दिसतो, म्हणून नदीकाठच्या माणसाला ही घट कळतही नाही. पॅलिन्जेनिया लाँगिकॉडा ही युरोपातली सगळ्यात मोठी मेफ्लाय पश्चिम युरोपातल्या नद्यांतून अशीच गेली. हंगेरीतल्या तिसा नदीवर ती अजून जूनच्या मध्याला हजारोंनी वर येते आणि लोक ते बघायला काठावर जमतात.

म्हणून एका दिवसाच्या पाहणीवर काही जाहीर करू नका. त्याच जागा, तेवढाच वेळ, त्याच ऋतूत, निदान तीन वर्षं.

*

प्रश्न : चंद्राचा मेफ्लायवर परिणाम होतो असं ऐकलं. अंधश्रद्धा म्हणायची का?

सरसकट नाही. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात पोव्हिला अडुस्टा ही लाकूड पोखरून राहणारी मेफ्लाय आहे. तिचं बाहेर येणं पौर्णिमेच्या आसपास, साधारण पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी शिगेला पोहोचतं. बाकीच्या बहुतेक जाती पाण्याच्या तापमानाचं आणि दिवसाच्या लांबीचं ऐकतात.

*

प्रश्न : सोबत मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतो आहे. जातीचं नाव कळवावं.

कुळ लेप्टोफ्लेबिइडी, कारण कल्ले टोकाशी दुभंगलेले दिसत आहेत. फोटोवरून याच्या पुढे जाणं म्हणजे अंदाजपंचे. पुढच्या वेळी एक फोटो वरून, एक बाजूनं, आणि एक त्या जागेचा काढा. जागेच्या फोटोत खळाळ कुठे, डोह कुठे ते दिसलं पाहिजे.

*

शेवटी, ज्यांनी पत्राऐवजी थेट कुपीच पाठवली आहे त्यांना. निम्फ सुखरूप पोहोचला, तिन्ही शेपट्या शाबूत आहेत. दुसरा कल्ला झाकणासारखा आहे, म्हणजे सीनिडी. चिठ्ठीही मिळाली; तिचा रंग आता आकाशी आहे आणि तिच्यावर काहीही नाही. कुठल्या पाण्यातून, कुठल्या तारखेला आणि कशावरून घेतलात ते आठवत असेल तोवर कळवा. पेन्सिलीनं.